ओडेसाबाईंकडचा डबा

सुहासिनीची बातमी आली तेव्हा चारुदत्त पिंपळखरे वर्गात बसला होता, आणि तिने केलेले शंकरपाळे बाकांवरून फिरत होते.

पंच्याऐंशी सालची दिवाळी होऊन आठवडा झाला होता. उरलेला फराळ स्टीलच्या डब्यात भरून तिने सकाळी त्याच्या हातात दिला होता. "ओडेसाबाईंना आधी दे, मग बाकीच्यांना," असं बजावलंही होतं. संध्याकाळचा वर्ग होता. तुळईवर भार आला की ती कुठे आणि किती वाकते, हे प्रोफेसर टिब्ज फळ्यावर काढून दाखवत होते. तेवढ्यात दाराशी इमारतीचा गार्ड आला आणि त्यांच्याशी हळू आवाजात काही बोलला. टिब्जसाहेबांनी खडू खाली ठेवला आणि चारुदत्तच्या बाकापर्यंत चालत आले.

"मिस्टर पिंपळखरे, कोट घाला. तुमच्या मिसेसना हॉस्पिटलात नेलंय. गाडी मी चालवतो."

हॉस्पिटलात डॉक्टरांनी सांगितलं की दुकानात काम करता करता ती खाली पडली. डोक्यातली शीर फुटली होती. आणलं तेव्हाच काही राहिलं नव्हतं. चारुदत्तने मान हलवली, जणू कोणी त्याला रस्ता समजावून सांगत होतं. पुढचं त्याला नीट आठवत नाही. टिब्जसाहेब शेजारी उभे होते आणि त्याचा मित्र गिरीश चार तासांवरच्या एडिसनहून येईपर्यंत ते तिथून हलले नाहीत, एवढं आठवतं. चारुदत्तची गाडी वर्गातल्या ओडेसाबाईंनी घरी आणून लावली आणि किल्ली शेजाऱ्यांकडे दिली. डबा त्यांच्याकडेच राहिला.

त्या विद्यापीठात चारुदत्त गेला तोच मुळी सुहासिनीमुळे.

नागपूरच्या पॉलिटेक्निकमधून डिप्लोमा करून तो अमेरिकेत आला होता. वॉशिंग्टनजवळ रॉकव्हिलच्या एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं बनत, त्यांची ड्रॉइंग्ज तो काढायचा. काम चोख होतं. पण डिग्री नव्हती, म्हणून त्याने शिकवलेली पोरं दोन वर्षांत त्याच्यावर साहेब होऊन बसायची. कारखान्यात त्याला सगळे चार्ली म्हणत. तीन-चार विद्यापीठांत त्याने चौकशी केली. सगळ्यांनी एकच सांगितलं, तुमचा डिप्लोमा इथे चालत नाही, पहिल्यापासून सुरू करा. चाळिशी ओलांडलेला माणूस पहिल्यापासून काय सुरू करणार?

सुहासिनी एका मोठ्या दुकानात कपडे बेतून, उसवून, शिवून द्यायचं काम करायची. एके दिवशी एक बाई पदवीदानाचा काळा झगा घेऊन आली. लांब होतोय, वर घे म्हणाली. पन्नाशीची बाई आणि पदवीचा झगा, हे बघून सुहासिनीने तिला बोलतं केलं. शहरात काळ्या लोकांसाठी शंभर वर्षांपूर्वी काढलेलं खाजगी विद्यापीठ आहे, कामावर जाणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग आहेत, कुठून आलात यापेक्षा काय येतं ते बघतात, असं त्या बाईने सांगितलं. झगा दुरुस्त झाला, आणि त्याच आठवड्यात सुहासिनीने नवऱ्याला तिकडे पाठवलं. तिथल्या डीनने त्याच्या डिप्लोम्याचा अभ्यासक्रम वाचला, तासभर प्रश्न विचारले आणि बरेचसे विषय माफ केले.

गणपतीच्या जेवणात ही गोष्ट निघाली तेव्हा गिरीश मोठ्याने हसला होता. गिरीश म्हणजे नागपूरचा वर्गमित्र, आता एडिसनला इंजिनिअर. "अरे यार चारू, त्या भागात अंधार पडल्यावर लोक गाडी पार्क करत नाहीत, आणि तू डिग्री करणार?"

"मी गाडी कुठे पार्क करतेय, गिरीशभाऊजी?" सुहासिनी म्हणाली होती. "नवरा पार्क करतेय. तो कोण चोरणार?"

सगळे हसले. चारुदत्तही हसला, पण पहिल्या संध्याकाळी वर्गाच्या दाराशी तो क्षणभर थांबला. पंचवीस-तीस माणसं, सगळी काळी, सगळी दिवसभराचं काम करून आलेली. टिब्जसाहेब हजेरी घ्यायला उभे राहिले आणि त्याच्या नावाशी अडले. "तीनदा म्हणून दाखवा," ते म्हणाले. त्याने म्हणून दाखवलं. त्यांनी आपल्या पद्धतीने काहीतरी लिहून घेतलं आणि वर्गाला म्हणाले, "बाहेर तुम्हाला कोणी बॉय म्हणत असेल, कोणी नुसतं अर्ध्या नावाने हाक मारत असेल. या दाराच्या आत सगळे मिस्टर आणि मिसेस. माझ्या आईवडलांना हे फार उशिरा मिळालं. तुम्हाला आजपासून."

त्या दिवशी घरी येऊन तो सुहासिनीला म्हणाला, "तिथे मला चार्ली म्हणत नाहीत." त्याच्या दृष्टीने ही पुरेशी हकीकत होती. तिलाही पुरली.

शेजारच्या बाकावर मिसेस ओडेसा पिट्स बसायच्या. नेव्ही यार्डात ड्राफ्टिंग करणाऱ्या, पन्नाशीच्या पुढच्या, नातवंडं असलेल्या. सुहासिनीने पहिल्यांदा डबा दिला तो त्या दोघांसाठी, बटाटेवड्यांचा. दुसऱ्या दिवशी ओडेसाबाईंनी तो घासून लख्ख करून परत दिला. चारुदत्तने झाकण उघडून आत पाहिलं.

"काय शोधताय? धुतलाय मी नीट," बाई म्हणाल्या.

तो ओशाळला. आमच्याकडे डबा रिकामा परत देत नाहीत, काही नसलं तर चिमूटभर साखर तरी टाकतात, म्हणून सवयीने पाहिलं, असं त्याने सांगितलं. बाईंनी डबा त्याच्या हातातून काढून घेतला. "मग हा अजून परत दिलेला नाही," म्हणाल्या. पुढच्या तासाला त्यात मक्याचा पाव होता.

तेव्हापासून दोन वर्षं तो डबा जात-येत राहिला. इकडून थालीपीठ, तिकडून रताळ्याचा केक. इकडून चिवडा, तिकडून भाजलेले शेंगदाणे. झाकणावर नागपूरच्या भांडेवाल्याने कोरलेलं नाव होतं, सौ. सुहासिनी चा. पिंपळखरे. ओडेसाबाई त्यावरून बोट फिरवत आणि म्हणत, "हे तिचं नाव ना? सुंदर अक्षर आहे." दोघींनी एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं. "पदवीच्या दिवशी बघेन त्यांना," सुहासिनी म्हणायची. "आधी बघितलं तर नवल काय राहिलं?"

सुतकाच्या दिवसांत घरात चूल पेटली नाही. मराठी मंडळातले लोक आळीपाळीने पिठलं-भात आणत. गिरीशची बायको सुनेत्रा येऊन राहिली होती, तिनेच सगळं सांभाळलं. मुलगी दीपा तेव्हा पंधरा वर्षांची होती. ती ताटापुढे बसायची, भात इकडचा तिकडे करायची आणि उठायची. "आय अ‍ॅम नॉट हंग्री, मावशी," एवढंच. चारुदत्तने कोणालाच फोन केला नाही. आपलं सुतक आपल्या घरात, दुसऱ्याच्या दाराशी न्यायचं नाही, एवढंच त्याला कळत होतं. विद्यापीठातही त्याने काही कळवलं नाही. वर्ग त्याच्यापुरता संपला होता. कोणासाठी करायचं आता?

शनिवारी दुपारी बेल वाजली. दाराशी चर्चला जावं तसे कपडे केलेल्या ओडेसाबाई होत्या. दोन्ही हातांत डबा.

"बोलावलं नाहीत, तरी आले," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे अशा वेळी बोलावण्याची वाट बघत नाहीत."

"आमच्याकडेही नाही," चारुदत्त म्हणाला, आणि बाजूला झाला.

त्या सुहासिनीच्या फोटोसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "मला वाटलं होतं उंच असेल." चारुदत्तला त्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं, आणि लगेच रडूही.

आत सुनेत्राने झाकण उघडलं. पीचच्या फोडी, वर साखर लावलेलं खरपूस आवरण. ती स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन हळूच म्हणाली, "भाऊजी, गोड आहे हो. अजून तेरावा नाही झाला. गोड कसं खायचं? आणि त्यात काय काय घातलंय कोण जाणे. त्या गेल्या की मी काढून टाकते, त्यांना वाईट नको वाटायला."

ओडेसाबाईंना मराठी कळत नव्हतं, पण बायका दाराशी असं हळू कधी बोलतात ते कळत होतं.

दीपा जिन्यावर बसली होती. ती उठली, आईचा डबा सुनेत्राच्या हातातून घेतला, खणातून चमचा काढला आणि तिथेच उभ्याने खायला लागली. एक घास, दुसरा, तिसरा. सुनेत्राने एकदा चारुदत्तकडे पाहिलं, एकदा पोरीकडे. मग ओट्याशी गेली आणि वाटी घेऊन आली.

"बसून खा गं राणी," ती म्हणाली. "ठसका लागेल." आणि ओडेसाबाईंसाठी तिने चहा टाकला. सुतकातल्या त्या घरात गॅस पेटला तो तेव्हा.

जाताना ओडेसाबाई दाराशी थांबल्या. "प्रोफेसर अजून रोज तुमचं नाव पुकारतात. कोणी ओ देत नाही. ते म्हणतात, मिस्टर पिंपळखरे आहेत, आज आलेले नाहीत. परीक्षा जानेवारीत, नवी टर्म सुरू व्हायच्या आत कधीही देता येईल. ती चुकली तर हा विषय संध्याकाळी पुन्हा दोन वर्षांनी. एवढंच सांगायला सांगितलंय त्यांनी. बाकी काही नाही."

तेरावा झाला. गिरीश आपल्या परीने सगळं जुळवून आला होता. त्याच्या कंपनीत ड्राफ्ट्समनची जागा होती. त्याच्या घरापासून दोन गल्ल्यांवर अपार्टमेंट रिकामं होत होतं. तिथल्या ओक ट्री रोडवर आता आपली दुकानंही निघाली होती, दीपाला सुनेत्राचा आधार झाला असता. "ख्रिसमसला शिफ्ट कर," तो म्हणाला. "डिग्री-बिग्री पुरे आता. या वयात ती भिंतीवर लावून कोणाला दाखवणार आहेस? इथे आहे कोण तुझं?"

गिरीश हे प्रेमाने बोलत होता आणि चारुदत्तला ते पटतही होतं. हो म्हणायला त्याने तोंड उघडलं.

"बाबा," दीपा ओट्याजवळून म्हणाली. तिने डबा पुसून उलटा ठेवला होता. "हू विल टेक द डबा?"

"काय?"

"मिसेस पिट्सनी भरून दिला. नाऊ इट्स अवर टर्न. आई रिकामा नाही पाठवत."

"अगं, पोस्टाने पाठवू या की एडिसनहून," गिरीश म्हणाला. "काय मोठं त्यात."

चारुदत्तने मित्राकडे पाहिलं. "रिकामा?"

गिरीशने चष्मा काढला. तोही नागपूरच्याच घरात वाढला होता. त्याच्या आईने शेजारच्यांची वाटीसुद्धा कधी रिकामी पाठवली नव्हती. त्याने चष्मा पुसून परत लावला.

"त्या जागेवर मी दुसऱ्या कोणाला तरी घ्यायला सांगतो," शेवटी तो म्हणाला. "पण उन्हाळ्यात दीपाला आमच्याकडे पाठवायची. त्यात मला नाही ऐकायचं नाही."

"पाठवीन," चारुदत्त म्हणाला.

डिसेंबरभर तो स्वयंपाकघरातल्या टेबलावर अभ्यासाला बसायचा. समोर दीपा तिचा अभ्यास घेऊन बसायची. कधी ती विचारायची, "तुळई म्हणजे बीम?" आणि तो हो म्हणायचा. कधी आमटी करपायची, मग दोघं पाव-लोणी खायचे.

परीक्षेच्या दिवशी बर्फ पडून गेला होता. विद्यापीठाच्या टेकडीवरचे रस्ते साफ करत होते. सुट्ट्या संपल्या नव्हत्या, इमारत रिकामी होती. वर्गात टिब्जसाहेब एकटे बसले होते. चारुदत्त त्याच्या नेहमीच्या बाकावर बसला. साहेब उभे राहिले, त्यांनी हजेरीचं पुस्तक उघडलं आणि रिकाम्या वर्गाकडे बघून नाव पुकारलं.

"मिस्टर पिंपळखरे?"

"प्रेझेंट, सर."

त्यांनी खूण केली, पुस्तक मिटलं आणि पेपर त्याच्यापुढे ठेवला. पहिला प्रश्न तुळईचाच होता, त्या संध्याकाळी फळ्यावर अर्धा राहिलेला. त्याने पेन्सिलीला टोक केलं आणि भार कुठे येतो ते आधी काढलं, मग बाकीचं.

तो पास झाला. टिब्जसाहेबांनी निकाल फोनवर सांगितला, पूर्ण आडनाव घेऊन. नवी टर्म सुरू झाली तेव्हा ओडेसाबाई शेजारच्या बाकावर होत्या. त्यांनी डब्याचं विचारलं नाही. तो स्वतःच म्हणाला, "शंकरपाळे अजून जमत नाहीयेत. तेलात घातले की विरघळतात."

"घाई नाही," बाई म्हणाल्या. "मला दुसऱ्या कोणाचा डबा येत नाही, मी वाट बघू शकते."

दर रविवारी बापलेक ओट्याशी उभं राहून पीठ मळतात. सुनेत्रा फोनवरून मोहन किती, साखर किती ते सांगते, आणि दोघं काहीतरी चुकवतात. मागच्या वेळचे खाता आले, पण दगडासारखे झाले होते. दीपाने ते चहात बुडवून संपवले.

पदवीला अजून दोन विषय बाकी आहेत. डबा अजून ओट्यावर आहे, आणि भरून द्यायचा राहिला आहे.