माग थांबवणारा हात

कामठीत तीस वर्षं पॉवरलूम चालवलेली बाई सहजासहजी कोणाला शरण जात नाही. प्रेमिलाबाई तर मुळीच नाही. सुनेशी, रोशनीशी, गेले दोन महिने त्या कामापुरतंच बोलत होत्या आणि आज नागपूरच्या दवाखान्यात तिच्याच शेजारी बसून ऑपरेशनच्या रिपोर्टची वाट पाहत होत्या. प्रेमिलाबाईंची गर्भपिशवी काढली होती. कॅन्सर पिशवीतच होता की पुढे पसरला होता, ते आज कळणार होतं.

रोशनीचा गुन्हा काय, तर पाळी जाऊन सात वर्षं झालेल्या सासूचं रक्ताचं फडकं तिने न्हाणीत पाहिलं. प्रेमिलाबाईंनी शेजारच्या कौसल्येला आधीच सांगितलं होतं, "जवानी वापस येऊन राहिली वं!" कौसल्या म्हणाली, "उष्णता असन, सब्जा पी." दोघी पोट धरून हसल्या, विषय संपला. पण ही पोरगी! तिने थेट नवऱ्याच्या, संघपालच्या कानावर घातलं. असली गोष्ट पोटच्या लेकाला सांगायची? प्रेमिलाबाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चोंबडी कुठची!" म्हणून त्यांनी ताट सरकवलं. रोशनीने दुसऱ्याच दिवशी त्यांना ऑटोत बसवून इथे आणलं.

डॉक्टर मुग्धाताईंनी दोघींना आत बोलावलं. रिपोर्ट चाळला आणि त्या हसल्या. "पिशवीतच होता. बाहेर कुठे गेलेला नाही. तपासणीला मात्र येत राहायचं."

प्रेमिलाबाईंनी रिपोर्ट हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग एकदम म्हणाल्या, "पण झालं काहून, बाई? मी कोणाचं काय वाकडं केलं?"

"तुमचा काही दोष नाही. पेशींना निरोप येत असतात, वाढा म्हणून, थांबा म्हणून. पाळी गेल्यावरही एक हार्मोन थोडंथोडं 'वाढा' सांगत राहतं, 'थांबा' सांगणारं मात्र उरत नाही. त्यात पेशीतला ब्रेकच मोडला, की मग 'वाढा'चा निरोप आला नाही तरी ती पेशी वाढतच सुटते."

"म्हंजे आमच्या मागासारखं," प्रेमिलाबाई सावरून बसल्या. "बाण्याचा, आडवा धागा तुटला का माग आपोआप थांबते. थांबवणारा काटा बिघडला, का धागा नसला तरी खटखट चालूच."

"अगदी! मग काय करता?"

"काय करता? कोणीतरी पाहा लागते आन् हातानं दांडा ओढा लागते. कारागीर गप्पा हाणत बसला तर..."

बोलता बोलता त्या थांबल्या. शेजारी रोशनी ओढणीने डोळे पुसत होती. प्रेमिलाबाईंनी तिचा हात घट्ट धरला.

"मी गप्पा हाणत बसली होती वं. दांडा तू ओढला. तुह्यामुळं जिती आहो मी."

"आई, असं नका म्हणू."

"काहून नको? म्हणीन! फोन लाव संघपालले."

बाहेर बाकापाशी येऊन त्या खणखणीत आवाजात बोलल्या, "तुह्या बायकोनं वाचवलं मले, समजलं? पाळी गेल्यावर रक्त गेलं तर लपवा लागत नाही, दाखवा लागते!" लाजेने रोशनीची मान खाली गेली. बाकावरच्या बायका वळून पाहू लागल्या. पाहू देत.

त्यातली एक पिकल्या केसांची बाई हळूच जवळ सरकली. "बाई, जरासाच डाग असला तरी?"

प्रेमिलाबाईंनी बाकावर जागा करून दिली. "तरी. बस. माही सून नेते तुले आत."