वाकडा चष्मा

सून परदेशात कॉलेजात शिकून चष्मे बनवण्याचा परवाना मिळवून आली होती. इथे तो परवाना चालत नाही. इथे दुकानात कुणाच्या तरी हाताखाली काम करून परीक्षा द्यावी लागते आणि परीक्षक वाकडी फ्रेम सरळ करायला हातात ठेवतात. ती माझ्या चष्म्याच्या दुकानात काम करत होती. तिची परीक्षा उद्यावर आली होती.

“बाबा, तिकडे सगळं यंत्रावर होतं. मला नाही जमणार.”

मी खणातून माझ्या बायकोचा चष्मा काढला. ती गेल्यापासून त्याला कुणाला हात लावू दिला नव्हता.

“हा सरळ कर.”

तिने तो टेबलावर ठेवला. तो एका बाजूला डुगडुगला. तिने काड्या निरखल्या आणि तसाच परत दिला.

“आईंचा डावा कान जरा खाली होता ना? मग हा बरोबर आहे.”

मला तो कान दिसला.

“उद्या बिनधास्त जा,” मी म्हणालो, “आणि परवा दुकान तू उघड.”