नदीचा तुकडा

१९९६ सालच्या फेब्रुवारीतल्या एका सोमवारी साधनाने रिमोटचं बटण दाबून राणीचा हात हवेतच थांबवला आणि वहीत वेळ लिहिली : एक तास, चौदा मिनिटं, वीस सेकंद. मग चित्र पुढे सोडलं. सरदाराने राणीला जवळ घेतलं, चुंबन झालं, दार उघडलं आणि राजा आत आला. तिने पुन्हा बटण दाबलं. अकरा सेकंद.

दुबईच्या देरा भागातल्या त्या ऑफिसात व्हिडिओ कॅसेटचा घाऊक धंदा चाले. बाहेरून आलेली प्रत्येक इंग्रजी कॅसेट आधी साधना बघे आणि इथे चालणार नाही असं जे दिसेल त्याची वेळ वहीत उतरवी. वही आतल्या खोलीत हारुनकडे जाई. हारुन दोन व्हीसीआर शेजारी शेजारी ठेवून तेवढे तुकडे गाळून नवी कॅसेट तयार करी. ती सरकारी परवानगीला जाई, आणि शिक्का मिळाला की तिच्या प्रती गल्लोगल्लीच्या दुकानांत पोचत. सांगलीला इंग्रजी घेऊन एम. ए. केलं, त्याचा असा उपयोग होईल हे साधनाच्या मनातही आलं नव्हतं. पण तीन वर्षांत तिला कामाची सवय झाली होती. बघायचं, वेळ लिहायची, कॅसेट रिवाइंड करून खोक्यात ठेवायची. रिवाइंड न केलेली कॅसेट तिला उष्ट्या ताटासारखी वाटे.

हा चित्रपट इंग्लंडातल्या जुन्या दंतकथेवरचा होता. गोल मेजाभोवती आपल्या सरदारांना बसवणारा राजा, त्याची राणी, आणि राजाचा सगळ्यात विश्वासू सरदार. लढाया पुष्कळ होत्या, पण कापण्यासारखं फारसं नव्हतं. एका लढाईतलं मुंडकं, आंघोळीचा एक प्रसंग, आणि हे चुंबन.

साधनाने तीन ओळींखाली रेघ मारली. मग कॅसेट मागे घेतली, बावन्नाव्या मिनिटापर्यंत, आणि एक प्रसंग पुन्हा पाहिला. नदी ओलांडायची असते. राणीचा घोडा काठाशी अडतो. सरदार आपल्या घोड्यावरून उतरतो, कमरेइतक्या पाण्यात शिरतो आणि राणीच्या घोड्याचा लगाम धरून त्याला पलीकडे नेतो. कोणी बोलत नाही. पलीकडे पोचल्यावर राणीने लगाम परत घ्यायचा, तर ती घेत नाही. तोही सोडत नाही. पाणी निथळत राहतं. एवढंच.

तिने रेघेच्या खाली चौथी ओळ लिहिली. दोन मिनिटं, बारा सेकंद.

हारुन हर्णैचा. देऱ्यात त्याच्याशी मराठीतून बोलता येई, हा साधनाला मोठा आधार होता. बुधवारी तो वही घेऊन बाहेर आला.

"ताई, हितं काय आहे कापण्यासारखं? मी दोनदा बघितलं. घोडा हाय, पाणी हाय."

"लांबतं उगीच."

"लांबतं म्हणून कधीपासून कापायला लागलो आपण? मग हिंदी पिक्चर अर्ध्या तासाचे होतील."

"हारुनभाई, काप."

"कापतो. वही तुझी, कात्री माझी." तो वळला आणि पुन्हा थांबला. "पण तो मुका काढला ना, तर राजा येडा दिसतो बघ. दार उघडतो तर दोघं लांब लांब उभी. आणि हा बायकोला दरबारात उभी करतो. कशापायी?"

साधनाने दुसरी कॅसेट उघडली. हारुन हसत आत गेला. नव्या कॅसेटची एक प्रत दर गुरुवारी तिच्याबरोबर घरी जात असे, हे त्याला ठाऊक होतं.

घर शारजाला होतं, रोला चौकाच्या मागे, दोन बेडरूमचं. एका खोलीत साधना आणि तिचा नवरा राजन; दुसऱ्या खोलीत परेश. परेश राजनचा इंजिनीअरिंग कॉलेजपासूनचा मित्र. राजननेच त्याला इथे बोलावून घेतलं होतं, आणि दीड वर्षापूर्वी रास अल खैमाच्या टाइल्सच्या कारखान्यात राजनला नोकरी मिळाली तेव्हा तोच परेशला म्हणाला होता, "तू आहेस म्हणून मी जातोय. हिला रोज दुबईला सोडशील ना?" राजन शनिवारी सकाळी जाई आणि गुरुवारी संध्याकाळी परत येई. मधले दिवस परेशच्या पांढऱ्या गाडीतून साधना ऑफिसला जाई. जायला दीड तास, यायला कधी दोन.

घरी परेश तिला वहिनी म्हणे आणि ती त्याला भावजी. गाडीत दोघंही एकमेकांना कशानेच हाक मारत नसत. हे केव्हा सुरू झालं ते दोघांनाही सांगता आलं नसतं.

डिसेंबरात एका सकाळी दाट धुकं होतं. पुढचा ट्रक एकदम थांबला. परेशने ब्रेक दाबला आणि तिचं कपाळ काचेवर आदळू नये म्हणून उजवा हात तिच्यापुढे आडवा धरला. तिने तो मनगटाशी पकडला. गाडी थांबली. धुक्यात पुढचं मागचं काही दिसत नव्हतं. ट्रकचे लाल दिवे पुन्हा हलेपर्यंत त्याने हात काढला नाही आणि तिने सोडला नाही. मग त्याला गिअर टाकावा लागला. त्याबद्दल दोघं कधी बोलले नाहीत. बोलण्यासारखं काही झालंच नव्हतं.

जानेवारीत राजनने सांगितलं की कंपनी त्याला रास अल खैमात फॅमिली क्वार्टर देते आहे. समुद्राजवळ, तीन खोल्या. साधना म्हणाली, माझ्या नोकरीचं काय? राजन म्हणाला, तेही खरंच. पुढच्या आठवड्यात त्याने पुन्हा विचारलं. ती म्हणाली, बघू. आता फेब्रुवारीच्या वीस तारखेच्या आत होकार द्यायचा होता, नाहीतर क्वार्टर दुसऱ्याला जाणार होतं.

शुक्रवारी सकाळी परेशने मासळी बाजारातून सुरमई आणली. जेवणं झाली. समोरच्या मशिदीतली माणसं नमाज संपवून आपापल्या गाड्यांकडे पांगली. राजन लुंगी लावून सोफ्यावर आडवा झाला आणि म्हणाला, "लाव तुझा या आठवड्याचा माल."

साधनाने कॅसेट लावली. किल्ल्यावर निशाण फडकलं, खाली अरबी अक्षरं उमटली. राजन उठून बसला.

"अरे, हा मी बघितलाय."

साधना टीव्हीजवळच उभी होती. "मग दुसरा लावते. एक कॉमेडी आहे."

"नको, असू दे. आमच्याकडे नवी भट्टी बसवायला दोन इटालियन आलेत, त्यांनी घरून आणला होता. मागच्या आठवड्यात गेस्ट हाउसवर लावला. सगळा इटालियनमध्ये. मला ओ का ठो कळलं नाही."

"मग काय बघितलंस?" परेश म्हणाला.

"तोंडं बघितली लोकांची."

परेश हसला. साधना खुर्चीत बसली. समोर ताटलीत बडीशेप होती, ती उगाच हाताने सारखी करत राहिली. पडद्यावर मुंडकं उडायच्या आधीच लढाई संपली. परेश म्हणाला, "वहिनी, तुमच्या राज्यात कोणी मरतच नाही बघा. नुसते पडतात." नेहमीप्रमाणे तिघं हसले.

बावन्न मिनिटं झाली. घोडा काठाशी आला, अडला. सरदार खाली उतरला. चित्र किंचित थरथरलं आणि पुढच्या क्षणी किल्ल्याच्या आवारात कोंबड्या दाणे टिपत होत्या. राजनने पाय बदलला. 

पुढे दार उघडलं, राजा आत आला, आणि हारुन म्हणाला होता तशी दोघं लांब लांब उभी होती. राजाचं तोंड उतरलं.

"घ्या," परेश म्हणाला. "काही केलेलं नाही आणि हा चिडला."

"इथलं कापलंय," राजन म्हणाला. "ते कापणारच. लहान पोरालाही समजतं इथे काय होतं ते."

चित्रपट संपला. अरबी अक्षरं वर सरकू लागली तेव्हा साधना उठली आणि रिवाइंडचं बटण दाबलं. मशीन घरघरू लागलं.

"साधना," राजन म्हणाला, "तो नदीचा तुकडा का कापला?"

"कुठला?"

"तो तिच्या घोड्याचा लगाम धरून पाण्यातून जातो तो. तिथे तर काहीच नव्हतं." त्याचा आवाज रोजचाच होता. एखाद्या टाइलला चीर का गेली हे विचारावं तसा. "मला आठवतोय कारण त्यात बोलणं नव्हतं. अख्ख्या पिक्चरमध्ये तेवढंच मला समजलं होतं."

मशीन घरघरत राहिलं. परेश उठला.

"मी चहा टाकतो," तो म्हणाला. घरात चहा साधना करी. दीड वर्षात परेशने एकदाही केला नव्हता. स्वयंपाकघरात तो बराच वेळ डबे उघडत राहिला. चहा-साखर कुठे आहे हे त्याला सांगायला साधना आत गेली नाही.

"लांबला होता," ती म्हणाली.

राजनने मान हलवली. खट् करून कॅसेट सुरुवातीला येऊन थांबली.

शनिवारी सकाळी ती राजनला डबा द्यायला खाली गाडीपर्यंत गेली. त्याने डबा मागच्या सीटवर ठेवला, काच पुसली.

"मंगळवारी वीस तारीख आहे."

"माहीत आहे. तुला काय वाटतं?"

"मी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारणार नाही." त्याने फडकं घडी करून डॅशबोर्डवर ठेवलं. "इथेच राहायचं ठरवलंस तरी मी गुरुवारी येईन, नेहमीसारखा. काय ते फोनवर सांग."

तासाभराने ती परेशच्या गाडीत बसली. धुकं नव्हतं. रस्ता मात्र नेहमीसारखा तुंबला होता. तीन रांगा, आणि शेजारच्या बसमध्ये माना टाकून झोपलेले मजूर.

"त्याला कळलं," परेश म्हणाला.

"कळण्यासारखं काय आहे?"

"कापायला नको होतं."

"हो."

गाडी दहा पावलं पुढे गेली आणि थांबली. परेशने दोन्ही हात चाकावर ठेवले होते.

"अल क्वोजला आमच्या कंपनीची जागा आहे, वेअरहाउसच्या वर. एक खोली रिकामी आहे म्हणतात." त्याने आरसा नीट केला. "की थांबू?"

साधना समोर बघत होती. पुढच्या टेम्पोत रिकामे पिंजरे होते, त्यांना कोंबड्यांची पिसं चिकटली होती. मागून कोणीतरी हॉर्न दिला.

"पुढची गाडी हलली," ती म्हणाली.

ऑफिसपाशी ती उतरली. परेश काच खाली करून म्हणाला, "येतो, वहिनी."

गाडीत त्याने हा शब्द कितीतरी महिन्यांनी उच्चारला होता.

"या, भावजी," ती म्हणाली.

वर जाऊन तिने पर्स टेबलावर ठेवली, वही उघडली आणि चौथ्या ओळीवर पट्टी ठेवून तांबडी रेघ मारली. हारुन व्हीसीआर पुसत होता.

"ती राजाची कॅसेट परवानगीला गेली?"

"उद्या जाईल."

"नदीचा तुकडा परत घाल."

"आं? बुधवारी म्हणालीस लांबतो."

"घाल तू."

"म्हणजे त्यात काय नव्हतं ना? मी तेच बोलत होतो."

"काही नव्हतं," साधना म्हणाली आणि फोन ओढून रास अल खैमाचा नंबर फिरवला. कारखान्यातल्या ऑपरेटरने राजनला बोलावून आणायला पाच मिनिटं लावली. तिकडून मशिनांचा आवाज येत होता, म्हणून तिला वाक्य दोनदा म्हणावं लागलं. क्वार्टर घेऊ या. दुसऱ्यांदा ते हारुननेही ऐकलं.

चित्रपटाला तीन ठिकाणी कापून शिक्का मिळाला. शारजात, दुबईत, अल ऐनमध्ये लोकांनी तो नदीसकट पाहिला. नदी नसलेली कॅसेट एकच होती. ती सामानाबरोबर रास अल खैमाला गेली.

परेश अल क्वोजला दोन वर्षं राहिला. मग सुट्टीवर गेला असताना कोल्हापूरच्या दर्शनाशी त्याचं लग्न झालं, आणि तिकडून परतून तो मस्कतला लागला. दिवाळीला त्यांचं कार्ड येई, दोघांच्या नावाने, अक्षर दर्शनाचं. २००१ नंतर तेही थांबलं. कॅसेटचा धंदा हळूहळू बसला. मालकाने ऑफिस बंद केलं तेव्हा हारुन दोन्ही व्हीसीआर घेऊन हर्णैला गेला. तो आता लग्नाच्या फिल्मा काढतो. एकदा त्याने फोनवर सांगितलं की हितं लोक एक मिनिट कापू देत नाहीत, ताई, जेवणाची पंगत पन्नास मिनिटं.

साधनाने समुद्राजवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवलं. १९९८ साली मुग्धा झाली. नदीबद्दल राजनने पुन्हा कधी विचारलं नाही. तो चांगला नवरा होता, आणि साधनानेही मन लावून संसार केला.

२००३ मध्ये राजनचं कॉन्ट्रॅक्ट संपलं आणि सांगलीला परतायचं ठरलं. सामान बांधताना कॅसेटची दोन खोकी निघाली. व्हीसीआर खालच्या मजल्यावरच्या सुरैय्याला द्यायचा होता, तेव्हा चालतो की नाही हे बघायला साधनाने हाताला लागली ती कॅसेट आत सरकवली.

ती सुरुवातीपासून लागली नाही. मधूनच लागली. राणीचा घोडा काठाशी येऊन अडला. सरदार खाली उतरला. चित्र थरथरलं आणि आवारात कोंबड्या दाणे टिपू लागल्या.

साधनाने बटण दाबलं. ती स्वतः कॅसेट रिवाइंड केल्याशिवाय कधी ठेवत नसे, आणि मुग्धाला व्हीसीआरला हात लावू देत नसत.

"ममा, व्हॉट हॅपन्ड टु द हॉर्स?" मुग्धाने विचारलं.

"पलीकडे गेला."

राजन चिकटपट्टीचं रीळ घेऊन दारात आला. त्याने टीव्हीकडे पाहिलं, मग खोक्याकडे.

"या कॅसेट द्यायच्या की न्यायच्या?"

"बाकीच्या देऊन टाक," साधना म्हणाली.

तिने कॅसेट मागे घेतली, पण सुरुवातीपर्यंत नाही. घोडा काठाशी येतो तिथे थांबवली, बाहेर काढली, आणि सांगलीला जायच्या खोक्यात, साड्यांच्या मध्ये ठेवली.