चाकांची फडकी

सुदर्शनने मोबाइलचा टॉर्च काळ्या बॉनेटवर तिरका धरला. बारीक बारीक ओरखडे, मांजराने पंजा फिरवावा तसे. गाडी काकासाहेबांची, घेऊन तीनच महिने झालेली. पैठण रोडवरच्या त्याच्या वॉशिंग सेंटरवर ते डोळे झाकून गाडी सोडून जात.

“फडकं खराब लागलं, काकासाहेब. पॉलिश मारून देतो.”

“फडकी कोण धुतं तुझ्याकडं?”

सुदर्शनने टॉर्च बंद केला.

“कोणी का धुईना. उद्यापासून दुसरा माणूस लाव. न्हायतर मीच दुसरीकडं जातो.”

फडकी धूत होते त्याचे वडील, मुंजाबा; तो त्यांना आबा म्हणे. उभा जन्म मेंढरांमागे गेलेला. कळप विकून शहरात आलेला माणूस रिकामा बसला की त्याचं काय होतं, ते सुदर्शनने पहिल्याच उन्हाळ्यात पाहिलं होतं. जेवण तुटलं, मग बोलणं तुटलं. तेव्हा त्याने फडक्यांचं काम दिलं आणि म्हातारा पुन्हा माणसात आला. तऱ्हा तरी केवढ्या त्या फडक्यांच्या! बॉडीची वेगळी, चाकांची वेगळी. पाणी कोमट, साबण बेताचा, वाळवायचं सावलीत, आणि जमिनीवर पडलेलं फडकं धुतल्याशिवाय पुन्हा गाडीला लावायचं नाही. “इतके लाड तर तुझे बी नाय केले,” म्हणत आबा सगळं तंतोतंत करीत. दोन वर्षं एक चूक नाही.

काकासाहेब गेल्यावर सुदर्शन मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेला. दोन बादल्या घेऊन आबा बसले होते. समोर फडक्यांचा ढीग. जुनी फडकी विरली म्हणून याच महिन्यात त्याने औरंगपुऱ्याच्या बाजारातून नवी आणली होती. बॉडीची पिवळी, चाकांची राखाडी. आबा एकेक फडकं उचलत, अंगठ्याने चोळून बघत, थांबत, परत चोळत आणि मग एका बादलीत टाकत. पिवळ्यांच्या बादलीत तीन राखाडी पडली होती. चाकाला ब्रेकच्या लोखंडाची बारीक कणी असते, ती आता त्या पाण्यातून पिवळ्यांना लागत होती.

सुदर्शनने एक राखाडी फडकं त्यांच्यापुढे धरलं.

“आबा, ह्याचा रंग उतरला का वो?”

आबांनी मान तिकडे वळवली.

“कुठं? चांगलं पिवळंधमक हाय की.”

जुन्या फडक्यांत बॉडीचं जाड असे आणि चाकाचं पातळ. नवी सगळी एकाच जाडीची होती. “व्हय, पिवळंच हाय,” म्हणून तो बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा यायच्या आत त्याने कात्री घेतली आणि प्रत्येक राखाडी फडक्याच्या कडेला एक खाच मारली. दुसरं काही त्याच्या डोक्यात आलंच नाही.

आबा आले, बसले, त्यांनी पहिलं फडकं उचललं. बोट खाचेवर थांबलं.

“कान कापला व्हय रं?”

“व्हय.”

“मेंढराचा कान कापत्यात ते परक्याला वळखू यावं म्हणून. राखणाऱ्याला खूण लागत नाय. त्यो तोंडावरून वळखतो.”

“आजच डोळे दाखवू, आबा.”

“दाखवल्यात. मागं दौलताबादला शिबिर व्हतं, तव्हा. नस वाळली म्हणले. आता इलाज नाय.”

“आन मला सांगितलं नाय?”

“काम काढून घेतलं आसतंस.”

घेतलंच असतं. काकासाहेबांचं बोलणं अजून त्याच्या कानात होतं. तो बादलीशेजारी उकिडवा बसला. आबांनी फडकं चाकांच्या बादलीत टाकलं, दुसरं घेतलं, कडा चाचपली. हात आता अडत नव्हता.

“कव्हापासून दिसंना?” सुदर्शनने विचारलं.

“फडक्यांचा रंग पोळ्यापासूनच गेला.” आबांनी पुढचं फडकं उचललं. “तुझं तोंड दिवाळीपर्यंत दिसत व्हतं.”