रस्त्याकडच्या ओळी

माझा भाऊ पुंजाजी खोटं बोलत नाही, असं मी जन्मभर लोकांना सांगत आले. सासरी बीबी गावात, माहेरी चिखलीकडं, लग्नात, मौतीला, जिथं त्याचा विषय निघाला तिथं. आता कुणी त्याचं नाव काढलं की मी पाणी प्यायला उठते.

डोळ्यांचं दुखणं आमच्या घरातलंच. आईला होतं, मग त्याला झालं, मग मला. आधी दिवेलागणीला दिसेनासं होतं. मग दोन्ही बाजूंनी अंधार सरकत येतो आणि मधोमध तेवढं भोक उरतं. चुलीच्या फुंकणीतून जग पाहावं तसं.

त्या फुंकणीएवढ्या नजरेवर मी कपाशीच्या बियाणं-प्लॉटवर क्रॉसिंगला जात होते. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हेरायची, नखानं तिच्यातला नर काढून टाकायचा, आणि सकाळी दुसऱ्या वाणाचं फूल तिच्यावर फिरवून दोरा बांधायचा. कळी समोर धरली की मला दिसायची. नातीचं तोंड दोन्ही हातांत धरलं की तेही दिसायचं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं होतं, पडदा सुकतोय, याला औषध नाही, उरलंय तेवढं जपा. मीही जपत होते. कळी आणि नातीचं तोंड, एवढ्यावर माझं भागत होतं.

भाऊचं मात्र निराळं. त्याला चार माणसांत उभं राहायची हौस. बीटी कपाशी आली तेव्हा बियाणं कंपनीनं त्याचं सडकेवरचं वावर डेमो प्लॉट म्हणून धरलं. बोर्ड लागला. दिवाळीच्या आगेमागे जीपा भरभरून शेतकरी यायचे, भाऊ टोपी घालून त्यांना बोंडं दाखवायचा. आमच्याकडं रीतच आहे, बियाणं पाकिटावर भुलून घेऊ नये, दुसऱ्याच्या वावरात उभं पीक पाहून घ्यावं. लोक पीक पाहायचे आणि बियाण्याचं नाव विचारून जायचे. मग भाऊ मला हसत सांगायचा, "सडकीकडच्या चार ओळीले मी पाणी जास्त देतो, खतही जास्त. आतमंदी कोणी शिरत नाही, चपला भरते ना." मीही हसायचे. लोक येडे आणि आपण शहाणे, असंच मला वाटायचं.

मग गुलाबी बोंडअळीचं साल आलं. बीटीला अळी लागत नाही म्हणत होते, तरी बोंडं आतून किडली. कंपनीनं बोर्ड उपटून नेला, जीपा बंद झाल्या. गावातली माणसं भाऊला टाळून जायला लागली, कारण त्याचं पीक पाहूनच त्यांनी ते बियाणं घेतलं होतं. भाऊ पारावर एकटा बसायचा. नजरही तेव्हा त्याची जवळजवळ गेलेली होती.

त्याच सुमाराला कंपनीच्या जुन्या एजंटनं धंदा बदलला. बियाणं सोडून तो एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यासाठी पेशंट गोळा करायला लागला. सगळ्यात आधी त्यानं भाऊला नेलं. काही दिवसांनी भाऊचा फोन आला.

"सिंधू, मले दिसून राह्यलं."

"काय दिसते?"

"दारातली तुळस दिसते. तुह्यी वहिनी दिसते. तू ये, सोता पाह्य."

मी आणि आमचे हे, रामराव, एसटीनं चिखलीला गेलो. मंगल कार्यालयात मेळावा होता. एजंट माईकवर समजावून सांगत होता, "अंगात काही पेशी कोऱ्या राहते. स्टेम सेल म्हणते त्याईले. त्याईले जे करू ते होते. दवाखान्यात त्याईच्या डोळ्याच्या पडद्याच्या पेशी करते, अन् पडदा सुकला त्या जागी सोडते. आपण कपाशीत नांग्या भरतो का नाही? तसंच."

हे मात्र सगळ्यांना एका झटक्यात कळलं. जिथं बी उगवलं नाही तिथं पुन्हा बी टोबायचं, यात न कळण्यासारखं काय आहे? मग भाऊ स्टेजवर आला. एजंटनं बोटं धरली, ती त्यानं बरोबर सांगितली. रुमालाचा रंग सांगितला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तरी मी रीतीप्रमाणं पीक जवळून पाहिलं. खाली आल्यावर त्याला विचारलं, "माह्या लुगड्याचा रंग सांग."

"हिरवा. काठ पिवळे."

लुगडं हिरवंच होतं. त्याचं तोंड माझ्या फुंकणीत भरून आलं होतं आणि ते हसत होतं. मला आणखी काय हवं होतं?

रामराव हळूच म्हणाले, "हातचं सोडून पळत्याच्या मांगं लागू नको. आधी डॉक्टरीणबाईले इचारू."

मी फणकारले, "ते काय माह्या भावापेक्षा जवळची हाय?"  माझा स्वभावच तसा आहे.

पैशाचं कसं जमवलं ते सोडा. त्या दवाखान्यात माझ्या पोटाला टोचून चरबी काढली, कोऱ्या पेशी तिच्यातच असतात म्हणाले, ती मशीनमध्ये फिरवली आणि दुपारून डोळ्यात सोडायला आणली. मी म्हटलं, आधी एकाच डोळ्यात सोडा, दुसरा राहू द्या. एजंट म्हणाला, एकाच फेरीत होऊन जाईल. मी भाऊकडं तोंड केलं. तो खास माझ्यासोबत आला होता, माझा हात त्याच्याच हातात होता.

"घे दोन्हीत," तो म्हणाला. "भेऊ नको."

मी घेतलं.

घरी आल्यावर आधी डोळ्यांपुढं काळे दोरे हलायला लागले. मग फुंकणी धुरानं भरल्यासारखी झाली, आणि एका सकाळी नातीचं तोंड हातांत धरलं तर हातांत नुसते गाल होते. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. 

"सिंधूताई, कोऱ्या पेशींपासून पडद्याच्या पेशी करायचं काम खरंच चालू आहे. मोठ्या प्रयोगशाळांत, कित्येक महिने जपून वाढवतात त्या. तरी अजून कोणी खात्री देत नाही. तुमच्या डोळ्यांत तसलं काही गेलंच नाही. पोटातली चरबी गेली, आणि पडदे जागेवरून सुटून आले." मग त्या चिडून म्हणाल्या, "आणि दोन्ही डोळ्यांत एकाच दिवशी? कोणी सांगितलं तुम्हाला?"

मला भावाचं नाव सांगता आलं नाही. डॉक्टरीणबाईंच्या बोलण्यातून एवढं कळलं, पाकिटावर नाव एक, आत माल दुसरा. बोगस बियाण्यासारखं बोगस औषध. पण ते भाऊला लागू पडलं आणि मला नाही, माझंच नशीब फुटकं, असं मी धरून चालले. त्याच्यावर मला राग नव्हता. त्याला तरी दिसतंय, एवढं समाधान होतं.

ते समाधान वहिनीनं मोडलं. कौशल्यावहिनी मला भेटायला आली, माझे डोळे पाहिले आणि रडायलाच लागली. "त्याईले काहीच दिसत नाही हो बाई. डोस घेतल्यावरही कवाच दिसलं नाही." बोटं आणि रुमाल आधीच ठरलेलं होतं. लुगड्याचा रंग तिनंच मी मंगल कार्यालयाच्या दारात शिरताना त्याच्या कानात सांगितला होता. एजंटनं भाऊला सांगितलं होतं, पहिल्या डोसनं मूळ धरलंय, दुसऱ्यानं दिसेल. दुसरा पाहिजे तर माणसं आण. आधी घरचं आण, मग बाहेरचे आपोआप येतात.

मी रामरावांना म्हटलं, मला आत्ताच्या आत्ता माहेरी न्या.

भाऊ ओसरीवर बसला होता. मी त्याच्यापुढं बसले.

"भाऊ, तुले दिसते काय?"

"थोडंसं."

"काय दिसते?"

तो रडायला लागला. "मले वाटलं, दुसऱ्या डोसनं दिसन. मंग तुलेही दुसरा देऊ म्हटलं. दोघायले दिसन. मलेही फसवलं व सिंधू त्यानं."

मी त्याला शिव्या द्यायला आले होते. पण लहानपणी आईसाठी रडायचा तसा तो रडत होता. फसलेला माणूस फसलेल्याला काय बोलणार? माझा हात त्याच्या खांद्याकडं निघालाही होता.

तेवढ्यात अंगणात बादली धडकन पडली. वहिनी ओरडली, "हळू व करिष्मा!" करिष्मा म्हणजे भाऊची मुलगी, कॉलेजात जाणारी. वहिनी मला म्हणाली, "दिवस बुडला का तिले दिसत नाही, बाई. दोन वर्सं झाले. सोयरीक मोडन म्हणून कोणाले सांगतलं नाही."

माझा हात तिथंच थांबला.

"दोन वर्सं?" मी म्हटलं. "म्हंजे मले नेलं तवाही तिले होतंच."

भाऊचं रडणं बंद झालं.

"मंग तिले काऊन नाही नेलं, भाऊ? तुले तर वाटत होतं ना, दिसन म्हणून."

 मी पुन्हा विचारलं. आवाज न चढवता विचारलं.

"लेकराच्या डोळ्यात असं काहीबाही कोण टोचते, सिंधू?" तो म्हणाला.

मी रामरावांना हाक मारली आणि उठले. चपला सापडेनात. करिष्मानं त्या अंधारात चाचपडून शोधल्या आणि माझ्या पायांत सरकवल्या. पोरगी वाचली याचं मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. माझे डोळे मात्र त्यानं दुसऱ्या डोसापायी जाणूनबुजून दिले.