नबिंतूआईची साक्ष

चर्चच्या मागच्या भिंतीशी काचेच्या खोलीत बसून रेहेमा दर रविवारी पास्टर डेलचं इंग्रजी स्वाहिलीत करून सांगायची. काँगोहून आयोवात आलेली थोरली माणसं कानात यंत्र घालून तिचा आवाज ऐकत. इंग्रजी येणारी पोरं तळघरातल्या बायबलच्या वर्गात, नाहीतर मांसाच्या कारखान्यात पाळीवर. त्यामुळे देवाचा शब्द असो की गाड्या कुठे लावायच्या याची सूचना, रेहेमाच्या तोंडून आल्याशिवाय या लोकांना काही कळायचं नाही.

त्या रविवारी पहिल्या रांगेत देणगीदार पाहुणे होते. डेलनं नबिंतूआईला साक्ष द्यायला, म्हणजे देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायला, मंचावर बोलावलं. लेक एस्पेरांसचं लग्न ठरलेलं, म्हणून नवं कापड नेसलेली म्हातारी कानातलं यंत्र बाकावरच ठेवून, गात, नाचत देवाचे आभार मानायला चढली. डेलनं तिला धड गाऊही दिलं नाही. तिच्या खांद्यावर हात टाकून, गळा दाटून आल्याचा आव आणत तो इंग्रजीत म्हणाला, "या आईच्या डोळ्यांदेखत सैनिकांनी तिच्या मुलीवर..."

ही गोष्ट म्हातारीनं प्रार्थनेच्या खोलीत दार लावून डेलला सांगितली होती. भाषांतराला रेहेमाच होती. "कुणाला कळता कामा नये," असं तिनं दोघांकडूनही वदवून घेतलं होतं. आणि आता नवऱ्यामुलाचे आईबाप, बिसिम्वा नवराबायको, समोरच कानातलं यंत्र दाबून बसले होते. खरं सांगावं तर लग्न मोडणार. गप्प बसावं तर म्हातारा बिसिम्वा वळून काचेतून रेहेमाचं तोंड बघणार आणि ओळखणार.

डेलला स्वतःच बसवून घेतलेल्या यंत्राचं भान नव्हतं. ही माणसं त्याच्या लेखी नुसती मागची शोभा!

"पास्टर म्हणताहेत," रेहेमा माईकमध्ये बोलली, "इतकी गुणी पोर या चर्चनं पाहिली नाही. बिसिम्वांचं भाग्य थोर."

डेल आणखी खोलात शिरला. रानात काय झालं, कपडे कसे फाटले, सगळं चवीनं. रेहेमा मात्र मुलीच्या हाताची चव आणि जिभेवरचा गोडवा वाखाणत राहिली. बिसिम्वाची बायको उठली आणि गावाकडच्या रीतीनं जीभ हलवत तिनं आनंदाची किलकारी दिली. मग सगळ्याच बायकांनी दिली. पाहुण्यांचे रुमाल डोळ्यांपाशी तसेच थबकले.

डेल क्षणभर गडबडला. मग हात पसरून म्हणाला, "पाहिलंत? एवढ्या दुःखातही हे लोक आनंदी!"

पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. शी! रेहेमाला त्या टाळ्यांची, त्या माणसाची, त्याची वाणी होऊन बसलेल्या स्वतःच्या तोंडाचीही किळस आली.

उपासना संपल्यावर नबिंतूआईनं तिला दाराशी गाठलं. "पोरी, काय बोलले गं पास्टर? विहीणबाईंनी तर मला कवटाळलंच!"

"एस्पेरांसचं कौतुक केलं."

"देवमाणूस गं! चल, मला त्यांचे आभार मानायचेत. तू सांग त्यांना."

म्हातारीनं गुडघे वाकवून दोन्ही हातांनी डेलचा हात धरला. हे उपकार मरेपर्यंत विसरणार नाही, असं ती सांगत होती.

"काय म्हणतेय बिचारी?" डेलनं हसून विचारलं.

रेहेमानं त्याच्या डोळ्यांत पाहिलं. "म्हणतेय, माझ्या लेकीचं नाव पुन्हा तोंडातून काढलंस, तर हा हात मुळापासून उपटीन."

डेलनं हात सोडवायचा प्रयत्न केला. नबिंतूआई मान डोलावत तो आणखी घट्ट दाबत होती.