ठमी जेवली का?

सकाळपासून दुसऱ्यांदा तिने डावा सुळा उजवीकडे बसवला, तेव्हा मालकांनी चष्म्यावरून पाहिलं.

"बाई, हा माणूस आपल्याच कवळीनं आपलीच जीभ चावेल. लक्ष कुठंय?"

"इथंच," ती म्हणाली आणि पुन्हा मेण तापवायला घेतलं. लक्ष कसलं इथं! लक्ष होतं खणात पालथ्या घातलेल्या फोनमध्ये. दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवणाऱ्या या खोलीत ती बारा वर्षं दात बसवत होती. हात आपोआप चालायचा. आज तोही ऐकेना.

आता त्या फोनमध्ये असं होतं तरी काय? तर कुत्री. खोटी, ना भुंकणारी ना चावणारी. एका ऑनलाइन खेळात लोक ती पाळतात, जोड्या लावतात, पिल्लं काढतात आणि प्रदर्शनात उभी करतात. नवरा म्हणायचा, "खऱ्या कुत्र्याला हाड म्हणतेस आणि खोट्याला जीव लावतेस." म्हणू दे. त्या खेळात तरी तिच्या शब्दाला मान होता.

तिची पद्धत कडक. आठ पिल्लं झाली की आठही तपासायची, डोकं, पाठ, पाय, शेपूट सगळ्याचे गुण मांडायचे, एक ठेवायचं आणि सात सोडून द्यायची. तिथे जीव अडकवायचा नाही. चांगलं डोकं घराण्यात पक्कं व्हावं म्हणून तिने नात्यातल्या नात्यात जोड्या लावल्या. डोकं पक्कं झालं, अगदी बघत राहावं असं. पण त्याच्याबरोबर पुढचे वाकडे पायही पक्के झाले की! सहा वर्षं झाली, पाय काही सरळ होईनात.

सरळ पाय होते 'आजोळ'कडे. आजोळ हे खेळातलं दुसऱ्या एका बाईचं नाव. त्या गुडघ्यांच्या तक्रारी सांगायच्या, म्हणून ही त्यांना काकू म्हणायची. दोघींनी बेत आखला होता: बाहेरचं रक्त एकदाच आणायचं, मग पुन्हा घरच्यांकडे वळायचं. त्यात चार पिढ्या गेल्या. आता काकूंचा वजीर आणि हिची मिठी, एवढी एकच जोडी लावायची उरली होती.

काकूंचं एकच खटकायचं. म्हातारं झालेलं कुत्रं त्या सोडायच्या नाहीत. ठमी ही त्यांची पहिली कुत्री, आखूड, फेंगडी, पिल्लांचं वय कधीच उलटलेलं. तिला रोज दुपारी बाराच्या ठोक्याला घास घालायच्या. "काकू, उगाच जागा अडते," ही लिहायची. "अडू दे गं," त्या लिहायच्या. "ती जेवल्याशिवाय मला जेवण जात नाही."

आणि आज आठ दिवस काकूंचा पत्ता नव्हता. आठ दिवस कुणी फिरकलं नाही, की त्याची कुत्री बेवारस यादीत जातात. काकूंची आज चारला जाणार होती. यादीतलं एकच कुत्रं एका खेळाडूला दिवसभरात उचलता येतं. म्हातारं कुणी उचललं नाही, तर ते सहा वाजता कायमचं पुसलं जातं. मिठीचं पिल्लं देण्याचं वयही आजच संपत होतं, आणि वजीरवर टपून बसला होता सुभेदार. सारखा नाकाने कांदे सोलणारा माणूस, पण अंगठ्याने चपळ.

तिच्या जिवाला चैन नव्हती. काकूंना काय झालं असेल हे मनात आलं, की पाठोपाठ वजीर यायचा, आणि मग स्वतःचीच लाज वाटायची. ना नाव माहीत, ना गाव. विचारणार तरी कुणाला?

चारला पाच कमी असताना ती "पाणी पिऊन येते" म्हणून साचे वाळवायच्या खोलीत शिरली. चारच्या ठोक्याला यादी उघडली. वर वजीर, त्याच्याखाली ठमी. अंगठा जराही अडखळला नाही. मिळाला! वजीर मिळाला! लगेच सुभेदाराचा संदेश आला: "हात भारी चालतो हं तुमचा."

खेळातल्या पिल्लांना वाट बघावी लागत नाही. जोडी लावली, सहा पिल्लं झाली. पाचांचे पाय वाकडे. सहावं उघडलं आणि तिने तोंडावर हात धरला. डोकं तिच्याकडचं, पाय काकूंकडचे, नावालाही खोट नाही. ती एकटीच हसली आणि मग तिला रडूच आलं. जिला सांगायचं तीच नव्हती ना!

सव्वापाचला खण थरथरला. आजोळ!

"मी त्यांची सून. आई घरात पडल्या, खुब्याचं ऑपरेशन झालं. आज कुठे नीट बोलल्या. पहिलं विचारलं, 'ठमी जेवली का?' आम्हाला वाटलं, शेजारची कुणी. मग त्यांनी तुमचं नाव सांगितलं. इथे तर सगळं रिकामं दिसतंय. ताई, तिला कुणीतरी बघतंय ना?"

आजचं एक तर उचलून झालं होतं. बंद पडलेल्या खात्याला यादी उघडत नाही, नव्या खात्यालाही महिनाभर नाही. तिने ओळखीच्या चौघांना लिहिलं. तिघांचं उत्तर नाही, चौथीने आजचं कुत्रं उचललेलं. राहिला एकच माणूस.

"सुभेदार, यादीतली ठमी उचलून मला द्या."

"ती म्हातारी? देतो की. मला काय मिळेल?"

"वजीर घ्या."

"वजीर घेऊन काय करू, मिठीचं वय तर संपलं. तुमच्या पानावर सरळ पायांचं सहावं पिल्लू दिसतंय, ते द्या."

"माणूस आहात की कोण? म्हातारी बाई दवाखान्यात पडून तिची चौकशी करतेय!"

"मग वजीर उचललात तेव्हा ती दिसली नव्हती का?"

दिसली होती. चांगली डोळ्यांना दिसली होती. मनातल्या मनात तिने त्याला सात पिढ्यांसकट शिव्या घातल्या, मग स्वतःलाही घातल्या.

"बाई, ही कवळी आज जायचीय," मालक ओरडले.

सहाला सहा कमी असताना तिने पिल्लू देऊन टाकलं. दोन मिनिटांनी ठमी आली, फेंगडी, आखूड, उपाशी. तिने तिला घास घातला.

"जेवली," तिने सुनेला लिहिलं. "माझ्याकडे आहे. रोज बाराला घालीन म्हणावं."

मग तिने पुन्हा उजवीकडेच बसलेला सुळा उपटून नीट डावीकडे बसवला, मेण सारखं केलं. फोन पुन्हा थरथरला.

"आईंना सांगितलं. हसल्या. आता विचारतायत, मिठीच्या पिल्लाचे पाय सरळ आले का?"

तिने मेणाचे हात कपड्याला पुसले.

"आले, काकू," तिने लिहिलं. "अगदी सरळ आले."